नळीवरची तारीख

हरण्याच्या मानेवर पहिली गाठ माझ्या बोटांना लागली ती पितृपंधरवड्यातल्या एका पहाटे. साल २०२२. शाळेला जायच्या आधी बैल धुवायचं काम माझ्याकडं. दादा शेत बघतो, मी मास्तरकी करतो, पण गोठ्यातलं सकाळचं काम मी कधी सोडलं नाही. मानेवरून हात फिरवताना हरभऱ्याएवढं काहीतरी लागलं. मग खाली आणखी एक. पुढच्या फऱ्यावर तिसरं. तेवढ्याच जागेवरची केसं उभी राहिलेली. हरण्या खिलार, घरच्या गाईचा, नऊ वर्षांचा. त्या दिवशी त्यानं वैरणीला तोंड लावलं नाही.

लंपीचं नाव तोवर सगळ्यांच्या तोंडी झालं होतं. ऑगस्टात जळगावकडं सुरू झालेला रोग सांगली जिल्ह्यात आला होता. गुरांचे बाजार बंद झाले होते. मोबाईलवर गाठींनी भरलेल्या गाईंचे फोटो रोज येत होते. त्यामुळं गाठ हाताला लागल्या क्षणी ती कशाची हे मला कळलं नाही, असं मी म्हणणार नाही. कळलं होतं.

दादाला बोलावलं. त्यानं बोट फिरवलं, गप्प बसला. मग म्हणाला, "गोमाशी चावली आसंल. बघू चार दिस. कुणाला सांगू नगंस."

कारणं होती. घरात दोन दुभत्या म्हशी. रोग आहे म्हटलं की डेअरीवाला दूध नाकारणार. हरण्या गेल्याच आठवड्यात पलीकडच्या तालुक्यात पाहुण्यांच्या रानात पाळी घालून आला होता, म्हणजे रोग आम्हीच आणला असं लोक म्हणणार. आणि सगळ्यात आत एक कारण होतं ते कुणीच बोललं नाही. नाव घेतलं नाही तर कदाचित ते नसेलच, असं वाटत होतं.

आई मात्र बोलली. तिनं हरण्याकडं नुसतं बघितलं आणि कपाळाला हात लावला. "देवी आलीया. तिला वंगाळ बोलू नगा." तिनं लिंबाचा पाला आणायला लावला, दहीभाताचा नैवेद्य ठेवला, आणि रोज संध्याकाळी गोठ्यात पाल्याचा धूर करायला सुरुवात केली. चार रात्री आमच्या गोठ्यातून धूर निघत होता. चार दिवस मी शाळेत जाऊन इतिहास शिकवत होतो.

पाचव्या दिवशी डॉक्टरीणबाई गावात आल्या. आमच्याकडं नव्हे, वस्तीवरच्या तात्यांकडं. तात्यांनी बाजार बंद व्हायच्या आधी एक संकरित गाय आणली होती. तिच्या अंगावर गाठी दिसल्या त्याच सकाळी त्यांनी स्वतः दवाखान्यात फोन लावला. बाईंनी गाय बघितली आणि मग त्या घरोघर गोठे बघत आमच्या दारात आल्या. हरण्याच्या अंगावर तोवर गाठीच गाठी होत्या. पाय सुजलेले, पोळी लोंबायला लागलेली.

बाईंनी रक्त घेतलं, गाठीवरची खपली चिमट्यानं उचलून नळीत टाकली, नळी बर्फाच्या डब्यात ठेवायच्या आधी चिठ्ठी लिहायला घेतली. मालकाचं नाव, गाव, जनावर, वय. मग विचारलं, "गाठी पहिल्यांदा कधी दिसल्या?"

दादानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "काल."

त्यांनी तारीख लिहिली. नळी आधी पुण्याला औंधला आणि तिथून भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत जाणार होती.

हरण्या अकराव्या दिवशी गेला. शेवटचे दोन दिवस त्याला बसता येत नव्हतं आणि उभंही राहवत नव्हतं. जेसीबीनं खोल खड्डा काढला, चुना आणि मीठ टाकलं. अहवाल त्याच्यानंतर आला. रोग लंपीच.

गावाला मात्र अहवालाची गरज नव्हती. गावाचा निकाल आधीच लागला होता. रोग तात्यांच्या गाईनं आणला. बाजारातनं आणली, परक्या गावची, त्यातून संकरित. सरकारी कागदावरही गावातली पहिली नोंद त्यांचीच होती, कारण पहिला फोन त्यांचा. डेअरीवर त्यांचं दूध घेईनात. लंपी माणसाला होत नाही आणि दूध उकळून पिता येतं हे बाईंनी चावडीत सांगूनही घेईनात. हौदावर त्यांच्या गुरांना पाणी बंद. ज्यानं खरं सांगितलं त्याच्या माथी दोष, आणि ज्यानं चार दिवस दाबून ठेवलं त्या मास्तराच्या घरी लोक बैल गेला म्हणून भेटायला येत होते. मी त्यांना चहा देत होतो.

पुढच्या आठवड्यात आमच्या शेजारच्या आक्कांचं तीन महिन्यांचं वासरू गेलं. आक्का एकट्या. त्यांच्या घरची पुढची गाय तेच वासरू होणार होतं.

त्यावेळी लसीकरणाची रीत अशी होती, की जिथं रोग दिसला तिथून पाच किलोमीटरच्या वर्तुळातल्या गुरांना आधी लस टोचायची. लस टोचल्यावर अंगात ताकद यायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणजे एकेक दिवस मोलाचा. आमच्या गावाभोवतीचं वर्तुळ आखलं गेलं ते तात्यांच्या फोननंतर. माझ्या बोटांना गाठ लागली तेव्हा आखलं असतं तर ते चार दिवस आधी आखलं गेलं असतं. वासरू वाचलं असतं का, हे कुणी सांगू शकत नाही. ते कुणी सांगू शकत नाही, याच गोष्टीचा मी आधार घेत होतो.

लस आली तेव्हा गावात हसं झालं. "शेरडाची लस गाईला?" खरंच ती शेळीच्या देवीची लस होती. बाईंनी मला तेव्हा समजावलं ते माझ्या डोक्यातून गेलं नाही. मेंढीची देवी, शेळीची देवी आणि गाईगुरांची लंपी हे तीन विषाणू एका पोटजातीचे. सूक्ष्मदर्शकाखाली तिघं सारखेच दिसतात, रक्ताच्या तपासणीतही वेगळे ओळखू येत नाहीत. वेगळेपण आहे ते त्यांच्या आत लिहिलेल्या अक्षरांत. लंपीच्या विषाणूत अशी सुमारे दीड लाख अक्षरं असतात, चारच खुणांची, एकापुढं एक. ती ओळीनं वाचायची म्हणजे सिक्वेन्सिंग. २००१ साली ती पहिल्यांदा पूर्ण वाचली गेली. नंतर शेळी-मेंढीच्या देवीशी ताडून बघितली तर शंभरातली सत्त्याण्णव तीच निघाली. भाऊबंद इतके जवळचे, म्हणून एकाची लस दुसऱ्याला चालते. आणि या सगळ्यांचं मोठं घराणं तेच, ज्यात माणसाच्या देवीचा विषाणू होता.

म्हणजे आईनं खरं घराणं ओळखलं होतं. तिनं दीड लाख अक्षरं वाचली नव्हती. लहानपणी तिनं देवी आलेली माणसं बघितली होती आणि तोच फोड बैलाच्या अंगावर ओळखला. आपल्याकडच्या रोगांची जुनी नावं अशीच, डोळ्यांनी ठेवलेली. गळा सुजला तर घटसर्प, फरा सुजला तर फऱ्या, तोंडाला लाळ आणि खुराला जखम म्हणून लाळ्या-खुरकूत. डोळा जिथं थांबतो तिथून पुढं अक्षरं वाचणाऱ्यांचं काम सुरू होतं. लाळ्या-खुरकुतीचेच सात प्रकार मानले जातात. एका प्रकाराची लस दुसऱ्याला उपयोगाची नाही, म्हणून आपल्याकडं तीन प्रकारांची एकत्र लस टोचतात. वर्गीकरण म्हणजे नुसतं कप्प्यात घालणं नव्हे. कोणत्या दुखण्याला कोणतं औषध लागेल, हे त्यावर ठरतं. आईला घराणं कळलं, पण त्यावर तिच्याकडं धुरापलीकडं काही नव्हतं.

हे सगळं मी आता सरळ मनानं लिहितो आहे. तेव्हा मी बाईंच्या दवाखान्यात गेलो तो ज्ञान मिळवायला नव्हे. मला सुटका हवी होती. मी विचारलं, "मॅडम, हरण्याच्या नळीतला विषाणू आणि तात्यांच्या गाईचा विषाणू, दोन्हींची अक्षरं वाचली तर कुणाकडून कुणाला गेला हे कळंल का?"

मनात होतं, कळलं आणि तात्यांकडून आला असं निघालं तर माझे चार दिवस धुऊन निघाले.

बाई म्हणाल्या, "सर, तुम्ही पेपर तपासता ना? पोरांनी कॉपी केली तर कुणी कुणाची केली ते कसं ओळखता?"

"चुकांवरून. एकाची चूक दुसऱ्याच्या पेपरात तशीच आली, वर त्यानं स्वतःची एक नवी घातली, की समजतं."

"तसंच हे. विषाणू वाढतो म्हणजे स्वतःची नक्कल काढतो. नक्कल काढताना चूक होते, ती पुढच्या नकलेत उतरते. लाळ्या-खुरकुतीचा विषाणू घाईनं लिहिणारा पोरगा आहे. अक्षरं साडेआठ हजाराच्या आसपास, पण चुका फार. त्यामुळं इंग्लंडमध्ये त्याचा प्रवास एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात गेलेला शोधता आला. लंपीचा पोरगा हुशार. लिहितो आणि तपासतो. एका गावात, पंधरा दिवसांत, सगळे पेपर बहुतेक सारखेच निघणार. त्यातून कुणाचा कुणाला, हे सांगता येणार नाही."

मी तारखांचा आधार शोधला. तोही नव्हता. विषाणू अंगात गेल्यापासून गाठी दिसेपर्यंत कुठं आठवडा जातो, कुठं दोन आठवडे, कधी त्याहून जास्त. हरण्या परक्या रानात जाऊन आला होता, तात्यांची गाय बाजारातून आली होती, आणि दोन्ही गोठ्यांवर बसणाऱ्या माश्या एकच होत्या.

बाईंनी इंग्लंडचा विषय काढला म्हणून मी नंतर वाचत गेलो. तिथं २००१ साली लाळ्या-खुरकुतीच्या साथीत साठ लाखांहून जास्त जनावरं मारली गेली. २००७ साली सरे परगण्यात पुन्हा साथ आली तेव्हा विषाणूची अक्षरं वाचली, तर तो १९६७ सालचा जुना वाण निघाला. तो रानात कुठंच उरला नव्हता, उरला होता फक्त प्रयोगशाळांत आणि लस बनवण्याच्या जागी. आणि तशी जागा तिथून जवळच होती, पिरब्राइटला. तिथल्या सांडपाण्याच्या गळक्या नळांतून तो बाहेर पडला असावा, असं चौकशीत निघालं. रोग अडवायला बसलेल्यांकडूनच रोग सुटला, हे अक्षरांनी सांगितलं. लंपीतही रशिया आणि चीनकडं सापडलेल्या काही वाणांत लशीतल्या विषाणूचे तुकडे मिसळलेले मिळाले आहेत. म्हणजे अक्षरं कुणाची भीड धरत नाहीत. जिथं चूक लिहिलेली असते तिथं ती दाखवतात. माझी चूक विषाणूच्या अक्षरांत लिहिलेली नव्हती. ती चिठ्ठीवर होती.

पुढं २०२४ साली बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांचं काम वाचनात आलं. गुजरात, महाराष्ट्र, राजस्थान, कर्नाटक इथल्या लंपी झालेल्या जनावरांच्या नमुन्यांतली अक्षरं त्यांनी वाचली होती. त्यात दोन वेगळे गट निघाले. एक २०१९ साली रांचीला आणि २०२० साली हैदराबादला सापडलेल्या विषाणूंच्या जवळचा, दुसरा २०१५ साली रशियात आलेल्या साथीच्या विषाणूच्या जवळचा. माझा गोठा, रांची आणि रशिया यांच्यात असं भाऊबंदकीचं नातं असू शकतं, याचा मला अचंबा वाटला. आणि लगेच दुसरा विचार आला. असल्या प्रत्येक नमुन्याबरोबर एक चिठ्ठी असणार. गाव कोणतं, जनावर कोणतं, रोग कधी दिसला. अक्षरं यंत्र वाचतं. चिठ्ठी मात्र कुणीतरी दारात उभ्या माणसाला विचारून लिहिलेली असते. रोग किती वेगानं पसरला, वर्तुळ वेळेत आखलं गेलं का, याचा हिशेब तिच्यावरून होतो. माझ्यासारख्या प्रत्येकानं चार दिवस खाल्ले असतील तर? दीड लाख अक्षरं खरी, आणि त्याखालची तारीख खोटी.

विज्ञान आपल्या बाहेर कुठंतरी, भोपाळला, बेंगळुरूला चालतं असं मी मुलांना शिकवत आलो. आता मला वाटतं त्याचं पहिलं टोक गोठ्यात आहे, आणि ते माझ्या जिभेवर होतं.

हे तरी मला तेव्हा सुचलं का? नाही. मला आधी हेळवी भेटला.

सुगी झाली की आमच्या भागात हेळवी येतो. बैलावर बसून, घंटा वाजवत. घराण्याची वंशावळ त्याच्या वहीत असते. मूळ गाव कुठलं, कोण केव्हा इथं आला, कुणाला किती पोरं. त्या वर्षी तो आला, पण बैल वेशीबाहेर बांधून चालत आला. ओसरीवर बसून त्यानं आमचं घराणं वाचलं. सातव्या पिढीला थांबून म्हणाला, "हितनं दोन भाऊ फुटलं. एक तुमचा, एक वस्तीवरच्यांचा." म्हणजे तात्यांचा. हे मला ठाऊक होतं, पण त्या दिवशी ऐकताना अंगावर आलं. दादा सहज म्हणाला, "आन् बांधावरनं तंटा झाला त्यात चूक कुणाची, ते हाय का वहीत?"

हेळवी हसला. "आम्ही कूळ सांगतो पाटील. दोष सांगत न्हाई. दोषाची वही ज्याची त्याच्यापाशी."

त्याला आमच्यातलं काही ठाऊक नव्हतं. तो वाण्याच्या दुकानात ऐकू यावं तसलं साधं बोलून गेला. धान्य घेतलं आणि पुढच्या घरी गेला.

त्या रात्री मला झोप आली नाही. मला असं वाटत होतं, की कुणी कुणाला रोग दिला हा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर मिळालं की मी दोषी की निर्दोष ते ठरेल. पण तो प्रश्नच माझा नव्हता. माणसाचा गोवर आणि गुरांची बुळकांडी हे विषाणूही एका कुळातले. बर्लिनमध्ये १९१२ पासून जपून ठेवलेल्या एका फुप्फुसातली गोवराची अक्षरं वाचून संशोधकांनी २०२० साली अंदाज केला, की दोघं इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या सुमारास फुटले असावेत. मूळ रोग गुरांचा, तिथून माणसात आला असं मानतात. गाईनं आपल्याला गोवर दिला म्हणून आपण गाईला दोष देतो का? रोग एकाकडून दुसऱ्याकडं जातो, ती त्याची चाल. त्यात पाप नाही. हरण्याकडून वासराला गेला असेल तर हरण्याचा दोष नाही, आणि तोवर माझाही नाही. माझा दोष तिथून सुरू होतो जिथं मला कळलं होतं आणि मी "काल" म्हणालो. त्याला भोपाळचा पुरावा लागत नव्हता. वासरू माझ्यामुळं मेलं की नाही हे कधीच ठरणार नाही, तरी मी खोटं बोललो हे ठरलेलंच होतं. अशी जनावरं आजारी दिसली की मालकानं कळवावं असा २००९ चा कायदा आहे. तो मला ठाऊक नव्हता, पण ठाऊक असता तर मी कळवलं असतं, असंही नाही.

सकाळी मी वस्तीवर गेलो. तात्या गव्हाणीपाशी बसले होते. त्यांची गाय वाचली होती, पण आटली होती. मी सगळं सांगितलं. कोणत्या पहाटे गाठ लागली, किती दिवस लपवलं, चिठ्ठीवर काय सांगितलं.

तात्या बराच वेळ वैरण निवडत राहिले. मग म्हणाले, "मला ठावं हुतं मास्तर. चार रात्री तुमच्या गोठ्यात धूर. उगी कोण करतंय?"

"मग बोलला का नाही? गावानं तुम्हाला..."

"काय बोलू? तुमचा बैल मरायला टेकल्याला. आन् मी बोललो असतो तर माझी गाय काय दूध द्याया लागली असती?" थोडं थांबून म्हणाले, "पर तुम्ही हौदावर एक सबूद बोलायचा हुता. तुमचं लोकांनी ऐकलं असतं."

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही नाही.

त्याच आठवड्यात चावडीत चार माणसांसमोर मी ते बोललो. कुणी काही म्हणालं नाही. दादा माझ्याशी दोन महिने बोलला नाही, कारण बैलामागं पंचवीस हजारांची सरकारी मदत मिळाली होती आणि त्याला ती परत जाईल अशी धास्ती होती. आक्कांना सांगायला मला आणखी वेळ लागला. त्यांनी पदर डोळ्याला लावला आणि चहा ठेवला. तो चहा पिणं फार अवघड गेलं.

मग दवाखान्यात गेलो. बाईंनी रजिस्टर काढलं. जुन्या तारखेवर रेघ न ओढता शेजारी लाल शाईनं नवी तारीख लिहिली, 'मालकाच्या सांगण्यावरून दुरुस्ती' असं लिहून सही केली. मी म्हणालो, "जुनी खोडा की." त्या म्हणाल्या, "खोडायची नाही. चूक झाली होती हेही दिसायला हवं." वर पाठवलेल्या कागदाचं काय विचारलं, तर म्हणाल्या, "कळवते. त्यांनी बदललं तर बदलतील."

पुढच्या पावसाळ्यात नव्या बैलाच्या पाठीवर पहाटे मला एक गाठ लागली. हात थरथरला. दादा शेजारीच होता. मी त्याच्याकडं न बघता फोन काढला. बाई नऊच्या आत आल्या, गाठ दाबून बघितली, ताप बघितला, आणि हसल्या.

"गोमाशी चावलीय सर."

तरी त्यांनी वहीत तारीख लिहिली. या वेळी विचारावं लागलं नाही, मीच सांगितली.